कोरे चौकोन

आमचं पान उघडायला एक्केचाळीस सेकंद लागायचे, तेव्हापासून सांगते, कारण सगळं तिथून बिघडलं.

पान म्हणजे आमच्या कार्यालयाच्या वेबसाइटवरचं, ‘सापडलेल्या व्यक्ती’ नावाचं. ज्यांना स्वतःचं नाव-गाव सांगता येत नाही अशी माणसं रस्त्यावर, स्टेशनात, दवाखान्याच्या पायरीवर सापडतात. त्यांना ठेवून घेणारी रुग्णालयं आणि निवारागृहं आमच्याकडे त्यांची नोंद भरतात. वय अंदाजे किती, अंगावर खूण कोणती, काय बोलतो, आणि फोटो. ज्यांच्या घरातलं माणूस हरवलंय ते लोक हे पान उघडतात आणि एकेक चेहरा बघत खाली खाली जातात. पान सांभाळणारी मी. रोज सकाळी सात वाजता ते उघडणारी माझी आई.

कारण आमचा दादा हरवला होता.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याच्याबद्दल लोक जे शब्द वापरायचे ते मी वापरणार नाही, अजूनही डोकं फिरतं माझं. त्याला दोन गोष्टी जमत नव्हत्या. एक, फोटो. कॅमेरा दिसला की तळहात चेहऱ्यावर. आत्याकडच्या एका मोठ्या फोटोत आम्ही चौदा जण दात काढून हसतोय आणि दादाच्या जागी एक हात आहे. दुसरी गोष्ट, उघडं दार. दर दहा-पंधरा मिनिटांनी तो विचारायचा, “दार लावलं का?” आपण “लावलं रे” म्हटलं की त्याचा चेहरा सैल पडायचा. दहा-पंधरा मिनिटांपुरता.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी घरी काहीतरी अडलेलं काम घेऊन बसले होते. आई बाहेर गेली होती. दादाने अर्ध्या तासात चौथ्यांदा विचारलं, “दार लावलं का?” मी मान वर न करता म्हटलं, “नाही लावलं. जा, तूच लाव.”

तो गेला आणि त्याने दार लावलं. बाहेरून.

आवाज मला ऐकू आला होता. त्यानंतर घरात जी शांतता पसरली ती मला बरी वाटली, हेही खरं आहे. पाऊण तास मी मन लावून काम केलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून आईने दाराला कडी घालणं बंद केलं. दार नुसतं लोटलेलं असायचं, रात्रीसुद्धा. शेजारणीने चोरांची भीती घालून पाहिली. आई म्हणाली, “चोराने काय न्यायचं राहिलंय?” शेजारीण पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

मी मात्र खटपट करून या पानाच्या कामावर बदली मागून घेतली. आईला वाटलं, आता पोरगीच त्या जागी बसली आहे, दादा कुठे उगवला तर आधी हिलाच कळणार. मलाही तसंच वाटलं. पहिले दहा महिने मी रोज डेटाबेसमध्ये आतून शोधायचे. भुवईवर खोक, चाळिशीचा पुरुष, दार. काही मिळायचं नाही. आई बाहेरून पान बघायची, तिलाही काही मिळायचं नाही.

आणि त्या पानाला लागायचे एक्केचाळीस सेकंद.

आमचे साहेब सतत मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावून पान मोजत बसत, म्हणून त्यांचं नाव आम्ही सेकंदसाहेब ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांना सेकंद सोडून काही दिसत नसे इतकंच. “एक्केचाळीस!” ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणायचे. “एक्केचाळीस सेकंदांत माणूस परत हरवेल, बाई!”

वेळ का लागतो ते मला चांगलं ठाऊक होतं. हल्ली वेबसाइट कुणी पायापासून बांधत नाही, तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. तो फार सोयीचा आणि तितकाच मुका. पानाच्या साच्यात तुम्ही फक्त ‘इथे या माणसाचा फोटो दाखव’ एवढं लिहायचं, की तो गुपचूप डेटाबेसकडे जाऊन फोटो विचारून येतो. चौदाशे माणसं असली की चौदाशे फेऱ्या. एकेक जिन्नस आणायला दर वेळी नव्याने चपला घालून दुकानात जाणारा माणूस कसा असेल, तसा. तुम्हाला पानावर काही कळत नाही, फक्त वेळ लागतो.

उपाय सोपा होता आणि मला तो झोपेतही करता आला असता. माणसांचा तक्ता एकीकडे, फोटोंचा तक्ता दुसरीकडे. दोन्ही जोडायचे आणि एकाच प्रश्नात सगळं मागून घ्यायचं. चौदाशे फेऱ्यांची एक फेरी. मी ओळ लिहिली. वर ‘एकूण नोंदी’ म्हणून आकडा यायचा, त्याचेही दोन सेकंद जायचे, साहेब म्हणाले काढून टाका, मी काढून टाकला. चाचणीसाठी दहा खोटी माणसं तयार केली. दहाही जणांना फोटो म्हणून आमच्या ऑफिसात वावरणाऱ्या बोक्याचाच एक फोटो लावला. पडद्यावर दहा बोके क्षणात हजर झाले आणि सगळे हसले. पान एका सेकंदाच्या आत उघडत होतं.

साहेबांनी मीटिंगमध्ये माझी पाठ थोपटली. टाळ्या वाजल्या. मी घरी जाऊन आईला दाखवलं.

आई खूश झाली. पण दोन-तीन दिवसांनी सकाळी चहाचा कप हातात धरून म्हणाली, “अगं, ते कोरे चौकोन कुठे गेले?”

“कुठले कोरे चौकोन?”

“ज्यांचा फोटो नसायचा त्यांच्या जागी करडा चौकोन असायचा ना. खाली नुसतं लिहिलेलं असायचं. मी तेच आधी वाचायचे. दादाचा फोटो कोण काढू शकणार आहे?”

मला ऑफिसला उशीर होत होता. त्यातून मी दोन दिवस टाळ्यांच्या गुंगीत होते, आणि आईने माझ्या कामात खोट काढलेली मला सहन झाली नाही. “आई, कचरा होता तो पानावरचा,” मी म्हटलं. “साफ केला. आता सगळ्यांचे फोटो नीट येतात.”

“असं होय,” आई म्हणाली. एवढंच. पोरगी त्यातली जाणकार, तिच्याशी काय हुज्जत घालायची.

पान झटपट उघडायला लागलं तसं मीही आतून शोधणं सोडून दिलं. आतलं सगळं पानावर येतंच, आणि पान आई बघतेच. मला वाटायचं, एका घरात दोघींनी एकच दार कशाला राखत बसायचं.

याला सव्वीस महिने झाले.

गेल्या मंगळवारी सकाळी ऑफिसात फोन आला. एका निवारागृहाची मेट्रन बोलत होती, आणि बोलत कसली, तोफ डागत होती.

“तुमचं ते पान चालू आहे की शोभेला ठेवलंय?”

“काय झालं, मॅडम?”

“आमच्याकडे एक आजी आहेत. चार महिने झाले. आज त्यांचा मुलगा दुसऱ्याच कामाने इथे आला आणि आई समोर दिसली! रडून रडून हाल त्याचे. म्हणतो, मी रोज पान बघतो, आई त्यात नव्हती. मी स्वतः नोंद भरली आहे, बाई. माझ्याकडे दिसते. त्याला का दिसली नाही?”

“फोटो टाकला होता का?”

“अहो, चेहरा भाजलेला, पट्ट्या बांधलेल्या. फोटो कशाचा काढू? कापसाचा?”

मी नोंद क्रमांक घेतला. डेटाबेसमध्ये आजी होत्या. पानावर नव्हत्या. कारण समजायला मला दहा सेकंदही लागले नाहीत. मेट्रन फोनवर बोलतच होती.

दोन तक्ते मी जसे जोडले होते तसे जोडले, की ज्या माणसाला फोटो आहे तोच जोडला जातो. ज्याला नाही तो यादीतून गळतो. काही बिघडल्याची खूण उमटत नाही, तक्रार येत नाही. तो नियमच आहे, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. नोंद भरणाऱ्यांना ती त्यांच्या पडद्यावर दिसत राहते, कारण तो पडदा वेगळा. वरचा एकूण आकडा असता तर कुणाला तरी फरक कळला असता, तो मी काढला होता. आणि चाचणीतल्या दहाही बोक्यांना फोटो होता.

मी आत आकडा मोजला. एक हजार नऊशे शेहेचाळीस. पानावर किती? एक हजार सहाशे सात. तीनशे एकोणचाळीस माणसं मी पानावरून पुसली होती, आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या होत्या.

दुरुस्तीला त्या ओळीत एक शब्द वाढवावा लागला. माझ्या यंत्रावर पान पुन्हा उघडलं आणि करडे चौकोन परत आले. आईचे कोरे चौकोन. मी खाली खाली जायला लागले. बाळ, दिवस दोन, फोटोला मनाई. बाई, डोळे उघडत नाही. पुरुष, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेली. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी घाईघाईत लिहिलेले दोन-तीन शब्द, आणि ते सव्वीस महिन्यांत कुणीही वाचलेले नाहीत.

दादा सापडायला पाच मिनिटं लागली.

‘पुरुष. वय अंदाजे चाळीस. डाव्या भुवईत जुनी खोक. नाव सांगत नाही. फोटो काढू देत नाही, तळहाताने चेहरा झाकतो. प्रकृती शांत. सारखा विचारतो, दार लावलं का.’

नोंद बावीस महिन्यांपूर्वीची. खाली दुसऱ्या शाईत भरल्यासारखी एक वेगळी ओळ: ‘मृत. न्यूमोनिया.’ तारीख पाच महिन्यांपूर्वीची.

मी वजाबाकी केली. मला त्या वेळी तेवढंच करता येत होतं. सतरा. सतरा महिने तो जिवंत होता, नोंदीत होता, आणि आई रोज सकाळी सात वाजता पान उघडून त्याच्या शेजारून जात होती.

ती नोंद भरणाऱ्या संस्थेत मी फोन केला. घरची म्हणून करायचं धैर्य झालं नाही, कार्यालयातून बोलतेय म्हटलं. वॉर्डातला एक कर्मचारी आला फोनवर, वयाने मोठा वाटला.

“हां हां, तो होय. दरवान म्हणायचो आम्ही त्याला. चांगला माणूस. संध्याकाळ झाली की सगळ्या वॉर्डांची दारं तपासून यायचा. आमची ड्यूटी तोच करायचा बघा!” तो हसला. “दाराशेजारच्या खाटेसाठी हट्ट धरला होता. मग दिली त्याला.”

“कुणी चौकशी केली नव्हती का त्याची?”

“नाही ना, बाई. नोंद आम्ही लगेच केली होती तुमच्याकडे. वर्षभर वाट बघितली. मग म्हटलं, जाऊ द्या. काही घरांना नकोच असतात अशी माणसं. आपण कुणाला काय बोलणार?”

मी म्हणू शकले असते, त्या घराला तो हवा होता. म्हणू शकले असते, बसने दोन तासांवर त्याची आई कडी न घालता बसली आहे. मी म्हटलं, “धन्यवाद,” आणि फोन ठेवला.

मग साहेबांकडे गेले. चूक सांगितली, आकडा सांगितला. दादाचं सांगितलं नाही. साहेबांच्या हातातलं स्टॉपवॉच चालूच राहिलं होतं, ते त्यांनी बंद केलं. मग म्हणाले, “किती जण मेलेत त्यातले?”

“अठ्ठावन्न.”

“दुरुस्ती आत्ताच्या आत्ता चढवा. पण ते अठ्ठावन्न नकोत. जिवंत आहेत ते दाखवा. मेलेल्यांचा तसाही काय उपयोग? बाई, एक ओळ घाला फक्त. लोक आपल्याला फाडून खातील.”

मी जागेवर आले आणि ती ओळ घातली. मृत सोडून. पान पुन्हा उघडलं, दादा गेला होता. पडदा स्वच्छ होता आणि मला श्वास घेता येत होता.

खोटं कशाला बोलू, मी दीड-दोन तास त्या ओळीकडे बघत बसले आणि ती मला आवडली. आईला कधीच कळणार नव्हतं. ती उद्याही सातला उठेल, चष्मा पुसेल, पान उघडेल. परवाही. तिला उठायला काहीतरी कारण राहील. मी घरात तिची मुलगी म्हणून राहू शकेन. दार लोटलेलं राहील. दुपार चढत गेली, ऑफिसातले लोक डबे खाऊन परत आले, बोका माझ्या पायाशी येऊन झोपला.

बाकीच्या सत्तावन्न घरांचा मला कळवळा आला म्हणून मी ती ओळ काढली, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. त्या क्षणी मला त्यांच्यातलं कुणी आठवलं नाही. मला फक्त दादा दाराकडे जाताना पाठमोरा दिसला. त्याला एकदा मी रागात घालवलं, एकदा नकळत गाळलं. आता माहीत असून पुसणार होते. ते हातून होईना.

ओळ पुसली. पान चढवलं. साहेबांना न सांगता, पावणेचार वाजता. मग बस पकडून घरी गेले.

दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. आई खिडकीशी बसून फाटक्या उशीला टाके घालत होती. “एवढ्या लवकर? बरं नाही का?”

“आई, पान उघडते. तू बस माझ्याजवळ.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि उशी खाली ठेवली. सुई मात्र बोटांतच राहिली. मी पान उघडलं, कोऱ्या चौकोनांपर्यंत गेले आणि थांबले. मला वाचून दाखवता येईना. आईने चष्मा लावला, बोट पडद्यावर ठेवलं आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक शब्द बोटाने दाबत वाचलं. ‘दार लावलं का’ पाशी बोट थांबलं. मग एक ओळ खाली सरकलं. तारखेपाशी पुन्हा थांबलं.

मी सगळं सांगितलं. तक्ते, जोडणी, आकडा, बोके. दाराशेजारची खाट सांगितली. काही घरांना नकोच असतात, तेसुद्धा सांगितलं, कारण एकदा सांगायला लागल्यावर मला थांबता येईना. आई रडली नाही. रडली असती तर मी तिला धरलं असतं, तेवढंच एक करायला उरलं होतं.

मग ती म्हणाली, “दार लाव.”

मी उठले आणि कडी घातली. तीन वर्षांत ती गंजली होती, दोन्ही हातांनी ढकलावी लागली. परत येऊन मी तिच्यासमोर उभी राहिले. जवळ बसायचं धाडस होईना.

“मी विचारलं होतं तुला,” आई म्हणाली. “कोरे चौकोन कुठे गेले म्हणून.”

“हो.”

“काय म्हणाली होतीस?”

तिला आठवत होतं. एकही शब्द विसरली नव्हती ती, तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं. पण मी माझ्या तोंडाने सांगितल्याशिवाय ती नजर हलवणार नव्हती.

“कचरा होता, म्हणाले,” मी म्हटलं. “साफ केला, म्हणाले.”